कंपनी बदलली आणि घरचं नेट बंद पडू लागलं : कोणतं पाऊल आधी, कोणतं नंतर

नवीन कंपनीचं नेट घेऊन आठ-पंधरा दिवस झालेत आणि ते दर दोन दिवसांनी बंद पडतंय, अशा घरांसाठी हे लिहितोय. जुळे सोलापूर, सैफुल, विजापूर रोड या पट्ट्यात ओळखीच्यांकडे मी अशी कनेक्शनं बघायला जातो. बहुतेक ठिकाणी मूळ बिघाड छोटाच असतो. हाल होतात ते दोन गोष्टींमुळे. नवीन नेट लागलं त्याच दिवशी जुनं तोडलेलं असतं, आणि नेट गेल्याबरोबर कोणीतरी नेटच्या बॉक्समागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट केलेलं असतं. पहिल्या चुकीने हातातला पर्याय जातो, दुसऱ्या चुकीने दहा मिनिटांचा बिघाड दोन दिवसांचा होतो.

म्हणून क्रम मोडू नका. ज्यांचा बदल झालेला आहे त्यांनी टप्पा ३ पासून वाचलं तरी चालेल, पण टप्पा २ मधल्या नोंदी तुमच्याकडे आहेत ना, ते आधी तपासा.

टप्पा १ : बदलाच्या आधीचे आठ दिवस

मोबाइल नंबर पोर्ट करताना जुनी सेवा बंद होणं आणि नवीन सुरू होणं आपोआप जुळतं. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. नवीन घेणं हे एक काम आणि जुनं बंद करणं हे दुसरं काम, आणि दोन्हींची जबाबदारी आपलीच. दोन्ही कनेक्शनं निदान पंधरा दिवस एकत्र चालतील अशी तारीख निवडा. त्यासाठी जुन्याचा एक महिन्याचा रिचार्ज जास्तीचा करावा लागला तरी करा.

१. तारीख बघून घ्या. घरून चादरी-टॉवेलचा किंवा सुताचा व्यवहार सांभाळत असाल, तर दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीचे रिटर्न भरायच्या दिवसांत, बदल करू नका. मुलांचे परीक्षेचे किंवा प्रवेशाचे फॉर्म भरायचे असतील ते दिवसही टाळा. मे अखेरीस वळीव सुरू झाला की वाऱ्याने वायरी तुटण्याचं प्रमाण वाढतं, तेव्हाही थांबलेलं बरं.

२. जाहिरात वाचण्यापेक्षा गल्लीत विचारा. कंपनी कितीही मोठी असो, तुमच्या खांबावरची वायर जोडायला येतो तो स्थानिक माणूसच. म्हणून त्याच गल्लीत तीच कंपनी वापरणाऱ्या दोन घरांना एवढंच विचारा : मागच्या पावसात नेट किती दिवस बंद होतं, आणि दुरुस्तीला माणूस किती वेळात आला?

३. पैसे देण्याआधी कंपनीकडून तीन उत्तरं घ्या. फायबर थेट घरात येणार, की गच्चीपर्यंत फायबर आणि तिथून साधी लॅन केबल? दुसऱ्या प्रकारात गच्चीवरच्या स्विचला, म्हणजे घराघरांत नेट वाटणाऱ्या यंत्राला, वीज लागते. त्या इमारतीची लाइट गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जाणार. दुसरा प्रश्न, बॉक्स कोणाच्या मालकीचा? तिसरा, सीसीटीव्ही असणाऱ्यांसाठी : पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा फक्त तुमचा इंटरनेट पत्ता, मिळणार का? नवीन बॉक्सच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग पोर्ट उघडून बाहेरून बघायचा जुना कॅमेरा दिसणार नाही. लोक याला नेट बंद पडलं म्हणतात, पण नेट चालूच असतं. अशा वेळी कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप वापरावं लागतं.

४. जुन्या वायफायचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा लिहून ठेवा. कुठलं अक्षर मोठं, कुठलं लहान, मध्ये जागा आहे का, सगळं. ते टप्पा ७ मध्ये लागणार आहे.

इशारा : सहा महिने किंवा वर्षभराचे पैसे पहिल्याच दिवशी भरू नका. सवलत मोह पाडते हे खरं. पण आगाऊ पैसे गेले की सेवा वाईट असली तरी तुम्ही बांधलेले राहता. पहिला महिना फक्त महिन्याचाच प्लॅन घ्या.

टप्पा २ : जोडणीचा दिवस

या दिवशी घरातलं जाणतं माणूस हजर हवं. तंत्रज्ञाला घाई असते, दिवसात त्याला आणखी पाच-सहा घरं करायची असतात. तुम्ही उभे राहून विचारलं तर तो नीट करून देतो, असाच माझा अनुभव आहे.

१. बॉक्सची जागा. माळ्यावर नको, पत्र्याखाली नको, टीव्हीच्या बंद कपाटात नको. घरगुती राउटरसाठी साधारणपणे ० ते ४० अंश तापमानाची मर्यादा दिलेली असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४३ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर काय होत असेल! दुपारी एक ते चार नेट तुटतं आणि सूर्य कलला की आपोआप सुरळीत होतं, अशी तक्रार आली की मी आधी बॉक्सला हात लावून बघतो.

२. वायरीचा मार्ग. फायबरच्या आत काचेचा केसाएवढा तंतू असतो. तो काटकोनात वाकवला की उजेड बाहेर गळतो. वळण निदान चहाच्या कपाच्या तोंडाएवढं गोल असू द्या. खिडकीच्या सरकत्या काचेखालून, दाराच्या फटीतून वायर घेऊ देऊ नका. एका घरी रोज रात्री दहाच्या सुमारास नेट जायचं. तीन वेळा माणूस येऊन बॉक्स तपासून गेला. शेवटी कपाट ओढलं तर पिवळी पॅचकॉर्ड (फायबरची घरातली छोटी वायर) दाराच्या बिजागरीत चेमटलेली. रात्री झोपताना काकू कपाटाचं दार लावायच्या तेव्हा नेट जायचं, सकाळी उघडलं की यायचं.

३. बाहेरून येणारी वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ हवा. पावसाचं पाणी त्या झोळावरून खाली ठिबकतं, नाहीतर वायरीवरून ओघळत थेट भोकातून आत येतं.

४. कनेक्टरचा रंग. हिरव्या टोकाचा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळ्याचा सरळ. हिरव्यात हिरवा आणि निळ्यात निळाच बसायला हवा. एकमेकांत घातले तर दिसायला बसतात, नेटही लागतं, पण सिग्नल कमजोर राहतो आणि मग थोड्याशा निमित्ताने तुटतो.

५. सिग्नलचा आकडा. तंत्रज्ञाकडे पॉवर मीटर असतो, त्यावर आकडा दाखवायला सांगा. तो डीबीएम या मापात आणि उणे असतो. उणे १५ ते उणे २५ च्या दरम्यान असेल तर ठीक. उणे २७ च्या आसपास म्हणजे काठावर. आज चालेल, पाऊस-वाऱ्यात पडेल. आकडा उणे असल्याने २७ हा २० पेक्षा कमजोर, हे लक्षात ठेवा. तारखेसह तो आकडा बॉक्सच्या पाठीवर चिकटपट्टी लावून लिहा. पुढे कोणी “लाइन एकदम ओके आहे” म्हणालं तर तुलना करायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

६. नोंदी. ग्राहक क्रमांक, लॉगिनचं युजरनेम आणि पासवर्ड, कंपनीचा तक्रार नंबर, स्थानिक माणसाचा मोबाइल. आणि एक काम बहुतेक जण विसरतात : सगळं सुरळीत चालू असताना बॉक्सच्या दिव्यांचा फोटो काढून ठेवा. पुढे नेट गेलं की कोणता दिवा बदललाय ते त्या फोटोवरून लगेच कळतं.

ज्यांना स्वतःचा जुना राउटर नव्या बॉक्सला जोडायचा आहे, त्यांच्यासाठी : दोन्हींचा पत्ता बऱ्याचदा १९२.१६८.१.१ हाच असतो. लॅनमधून लॅनमध्ये केबल खुपसली आणि दोन्ही बॉक्स पत्ते वाटत बसले, की घरातल्या निम्म्या मोबाइलला नेट मिळतं, निम्म्यांना नाही, आणि दर तासाला पाळी बदलते. जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदला, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, मगच लॅन ते लॅन जोडा. किंवा त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वायफाय पसरवण्याची सेटिंग) असेल तर तो निवडा.

तपासणी : तंत्रज्ञ जाण्याआधी त्याच्यासमोर बॉक्सची वीज बंद करून परत चालू करा. दोन-तीन मिनिटांत हात न लावता नेट आलं पाहिजे. आलं नाही तर सेटिंग सेव्ह झालेलं नाही.

टप्पा ३ : पंधरा दिवसांची वही

प्रत्येक वेळी नेट गेलं की एक ओळ लिहा. “मंगळवार, संध्या. ७.४०. लाइट आहे. एलओएस लाल. वारा. २५ मिनिटं.” एवढं पुरे. एलओएस म्हणजे फायबरचा उजेड येत नसेल तेव्हा लाल होणारा दिवा.

दहा ओळी झाल्या की कारण बहुतेक आपणच सांगू शकता. लाइट गेली-आली तेव्हाच तुटत असेल तर वीज बघा : इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि बॉक्स पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा, नाहीतर राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या. घेताना बॉक्सच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर जुळवा. १२ च्या जागी ९ व्होल्टचा लावून चालत नाही. पाऊस-वाऱ्यात तुटत असेल तर खांबावरचा जोड किंवा लोंबणारी वायर. गल्लीत ड्रेनेज किंवा पाण्याच्या लाइनसाठी जेसीबी आला आणि त्याच दिवशी नेट गेलं, तर घरात काही शोधत बसू नका.

रोज रात्री आठ ते अकरा नेट नुसतं मंद होत असेल, तर ते बंद पडणं नव्हे. त्या भागात गर्दी जास्त आहे. त्याची तक्रार वेगळी करायची, स्पीड टेस्टच्या फोटोसह.

टप्पा ४ : नेट गेलं, पहिली दहा मिनिटं

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. हात आवरा आणि आधी नुसतं बघा.

१. दुसऱ्या मोबाइलवर तपासा. एकाच फोनवर बंद असेल तर त्या फोनचं वायफाय विसरून पुन्हा जोडा. सगळ्यांवर बंद असेल तरच पुढे.

२. बॉक्ससमोर जा, फोटो उघडा, दिवे जुळवा.

पॉवरचा दिवाच नाही : ॲडॉप्टर, प्लग, एक्स्टेंशन बोर्ड. ढिलं सॉकेट हे फार साधं आणि फार नेहमीचं कारण आहे.

एलओएस लाल : बॉक्सपर्यंत उजेड पोहोचत नाही. वायर तुटली, वाकली किंवा कंपनीकडूनच बंद आहे. घरातली वायर कुठे दबलीय का, ते नजरेने बघा. दबली नसेल तर तुमच्या हातात पुढे काही नाही, थेट टप्पा ६.

पॉन (कंपनीच्या मशीनशी जोडणी दाखवणारा दिवा) लुकलुकतोय, स्थिर होत नाही : उजेड येतोय पण कंपनीकडचं मशीन तुमच्या बॉक्सला ओळखत नाही, किंवा सिग्नल काठावर आहे.

पॉन स्थिर, पण इंटरनेटचा दिवा बंद किंवा लाल : वायर ठीक, लॉगिन होत नाही. रिचार्ज संपलाय का ते आधी बघा. संपला नसेल तर कंपनीकडून लॉगिन पुन्हा सुरू करून घ्या. काही स्थानिक कंपन्या सेवा एका विशिष्ट राउटरलाच बांधून ठेवतात. तुम्ही राउटर बदलला असेल तर हे त्यांना सांगा, फोनवरच मोकळं करून देतात.

सगळे दिवे नेहमीसारखे, तरी नेट नाही : खालची पिंग तपासणी करा.

३. बॉक्स स्विचवरून बंद करा, पूर्ण दोन मिनिटं थांबा, चालू करा. वेगळा राउटर असेल तर आधी फायबरचा बॉक्स, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. हे एकदाच. दहा वेळा बंद-चालू केल्याने काहीच साधत नाही.

४. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून तीन ठिकाणी पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे पत्ता टाका आणि उत्तर येतं का बघा. आधी राउटरचा पत्ता, तो त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. उत्तर आलं नाही तर दोष घरातल्या वायफायचा. आलं तर ८.८.८.८ ला पिंग करा. इथे उत्तर नाही म्हणजे दोष बहुधा बॉक्सच्या पुढे, कंपनीच्या बाजूला. इथेही उत्तर आलं तर एखाद्या वेबसाइटच्या नावाने करा. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) अडकलंय. राउटरमध्ये डीएनएस ८.८.८.८ आणि १.१.१.१ असं भरलं की बहुतेक वेळा लगेच सुरू होतं.

५. बाकी सगळं चालतं, ऑफिसचं व्हीपीएनही (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सोय) जोडलं जातं, पण आतलं काही उघडत नाही? कंपनी बदलल्यावरचा हा खास त्रास आहे. युजरनेम-पासवर्डने लॉगिन होणाऱ्या कनेक्शनवर डेटाच्या एका पाकिटाची मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. ऑफिसच्या आयटी विभागाला व्हीपीएनचा एमटीयू (हीच पाकिटाची मर्यादा) १४०० करून द्यायला सांगा.

इशारा : रीसेटच्या भोकाला हात लावू नका. त्याने कंपनीने भरलेलं लॉगिन आणि बाकी सेटिंग पुसलं जातं, आणि मग माणूस घरी आल्याशिवाय काही होत नाही. फायबरचं टोक काढून फुंकर मारू नका, डोळ्यासमोर तर अजिबात धरू नका. त्यातला उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

टप्पा ५ : दुरुस्ती होईपर्यंत घर चालवणं

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येणार नाही हे धरूनच आपण टाकी भरून ठेवतो. नेटचंही तसंच करायचं, आणि ते नेट चालू असताना.

घरात एक सिम ब्रॉडबँडच्या कंपनीपेक्षा वेगळ्या कंपनीचं ठेवा. एकच मुख्य केबल तुटली तर त्या कंपनीचं फायबर आणि मोबाइल दोन्ही एकदम जाऊ शकतात. ज्या खोलीत काम करता तिथेच त्या सिमची स्पीड टेस्ट घ्या. गॅलरीत चांगलं चालणारं सिम आतल्या खोलीत मान टाकतं.

हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने टेदरिंग केलेलं, म्हणजे फोनचं नेट केबलने लॅपटॉपला दिलेलं, चांगलं. फोन चार्जही होतो आणि कमी तापतो. जोडल्यावर लगेच विंडोजमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (मोजून वापरायचं) म्हणून निवडा आणि ड्राइव्हचं सिंक, म्हणजे फायली आपोआप इंटरनेटवर चढणं, थांबवा. नाहीतर एका अपडेटमध्ये दिवसाचा डेटा संपतो, आणि रोजच्या डेटाचा कोटा संपला की वेग बऱ्याच प्लॅनमध्ये ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर ओटीपीची पानंसुद्धा रडत उघडतात. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण १ जीबी धरा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवलात तर बराच वाचतो.

तपासणी : एखाद्या रविवारी मुद्दाम बॉक्स बंद करून अर्धा तास सगळं मोबाइलवर चालवून बघा. मुलाचा क्लास, तुमचं ऑफिस, दोन्ही.

टप्पा ६ : तक्रार, आणि ती पुढे नेणं

लाइनमनला व्हॉट्सॲप केलं म्हणजे तक्रार नोंदली असं होत नाही. त्याला जरूर कळवा, पण आधी कंपनीच्या ॲपवर किंवा तक्रार नंबरवर नोंद करून डॉकेट क्रमांक (तक्रारीचा क्रमांक) घ्या. क्रमांक नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

तक्रारीत “नेट चालत नाही” एवढंच लिहू नका. असं लिहा : “ग्राहक क्रमांक अमुक. आज सकाळी ९.१० पासून सेवा बंद. पॉवर हिरवा, एलओएस लाल. घरात वीज आहे. बॉक्स एकदा बंद-चालू केला, फरक नाही. समोरच्या घरी हीच कंपनी चालू आहे. जोडणीच्या दिवशीचा सिग्नल उणे २१.” असा मजकूर वाचला की फोनवरचा माणूस पुन्हा बॉक्स बंद-चालू करायला लावत नाही, थेट वायरवाल्याला पाठवतो.

माणूस येऊन गेल्यावर ॲपमध्ये बघा. काम न होताच तक्रार बंद दाखवली असेल तर त्याच दिवशी लिहून हरकत घ्या. सेवा बरेच दिवस बंद राहिली तर भाड्यात सूट लेखी मागा, आपोआप कोणी देत नाही. तुमची वही तिथे कामी येते.

दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे ही सोय आहे, त्यासाठी पैसे लागत नाहीत. अपील ३० दिवसांच्या आत करायचं असतं आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल लागायला हवा. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मात्र उपयोगी आहे.

टप्पा ७ : जुनं कनेक्शन बंद करणं

नवीन नेट सलग पंधरा दिवस नीट चाललं तरच इथे या. वहीत तीनपेक्षा जास्त मोठे खंड असतील तर आणखी एक महिना थांबा, किंवा जुन्याकडेच परत फिरा. त्यात कमीपणा काही नाही.

१. जुनं बंद करायची विनंती लेखी द्या आणि क्रमांक घ्या. नुसता रिचार्ज थांबवणं पुरेसं नाही. पोस्टपेड असेल तर बिल चढत राहतं.

२. यूपीआय किंवा बँकेचं ऑटोपे स्वतः रद्द करा.

३. जुन्याबरोबर लँडलाइन असेल तर ०२१७ चा तो नंबर बँक, गॅस, शाळा कुठे कुठे दिलाय ते आधी बदलून घ्या.

४. कंपनीचा बॉक्स परत करताना ॲडॉप्टरसकट द्या, सीरियल क्रमांकाचा फोटो काढा आणि पावती घ्या. पावतीशिवाय बॉक्स हातात देऊ नका, मग समोरचा कितीही ओळखीचा असो. आमच्या घरचा बॉक्स मी असाच विश्वासाने दिला होता. चार महिन्यांनी त्याच्या किमतीची मागणी आली आणि दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता. पैसे भरावे लागले.

५. जुना बॉक्स कायमचा बंद झाल्यावरच नव्या वायफायला जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या. दोन्ही चालू असताना हे केलं तर फोन कधी इथे कधी तिथे जोडले जातात आणि वहीतल्या नोंदींना अर्थ राहत नाही. नाव बदललं की टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे बहुतेक आपोआप जोडले जातील. एखादा कॅमेरा किंवा स्मार्ट प्लग जोडला गेला नाही तर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावं वेगळी करा आणि त्याला २.४ वर घ्या. जुन्या प्रिंटरसाठी सुरक्षेच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए ३ ऐवजी डब्ल्यूपीए २ निवडावं लागेल.

जुनी वायर खांबावरून काढायला सांगताना तंत्रज्ञासोबत बाहेर उभे राहा आणि कोणती वायर कापायची ते बोट दाखवून सांगा. एकाच भोकातून दोन काळ्या वायरी आत येत असतात, आणि घाईत नवीनच कापली गेल्याचं मी दोन घरी पाहिलंय.